खालून गेलेली रेघ

बर्नलीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
मंगळवारी दहा वाजता
मॉरीन प्रत्येकासमोर एक चौकोनी कागद ठेवते,
बशीखाली झाकला जाईल एवढा,
आणि एक काळं पेन.
खोडरबर नाही. मागितलं तरी नाही.

आधी ठिपके. सात बाय सात.
माझा उजवा हात फेब्रुवारीपासून माझं ऐकत नाही,
तिसऱ्या रांगेतला एक ठिपका घसरतो
आणि चौथ्या रांगेच्या दाराशी जाऊन बसतो.
असू दे, म्हणते मॉरीन.
तिचं इंग्रजी पुरतं कळत नाही, ओठ कळतात.
तीस वर्षं इचलकरंजीत जॉबर होतो,
चोवीस मागांच्या खडखडाटात
सगळेच डोळ्यांनी ऐकायचे:
कांडी संपली. तार तुटली. चहा आला.
तिची आईही इथल्याच एका शेडमध्ये विणायची,
घरी आली तरी ओठच हलवायची, आवाज काढायला विसरायची.
ती शेड खिडकीतून दिसते.
आता तिथे गाद्या विकतात.

मग पट्ट्या.
ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत दोन रेघा, जोडीनं.
दुसरी पट्टी आडवी आली की थांबायचं,
पेन उचलायचं, पलीकडे टेकायचं.
एकदा वरून, एकदा खालून.

लेक म्हणाली होती, बाबा, ही तर आपली रांगोळीच.
नाही.
रांगोळीतला ठिपका शेवटपर्यंत दिसतो,
इथला पट्टीखाली गडप होतो,
नंतर शपथ घेऊन सांगितलं
तरी कोणाला पटायचं नाही की तो होता.

शेजारच्या शमीम आपा माझ्या कागदात डोकावतात.
आप तो कारीगर निकले, म्हणतात.
मेकॅनिक, मी म्हणतो. सिर्फ मेकॅनिक.
आणि मनातल्या मनात हसतो,
कारण हे कसलं विणणं?
ताणा नाही, बाणा नाही, धोट्याची ये-जा नाही.
कापड पारखायचं तर उलटं करून बघतात.
मी कागद उलटा करतो.
कोरा.

म्हणजे रेघ खाली जातच नाही.
ती नुसती थांबते
आणि बोटभर अलीकडे-पलीकडे पुन्हा उगवते.
खाली गेली, हे बघणाराच ठरवतो.

फेब्रुवारीतले नऊ दिवस मला आठवत नाहीत.
मँचेस्टरचा विमानतळ आठवतो,
लेकीनं आणलेला, जावयाच्या मापाचा जाड कोट आठवतो,
मग एकदम एक पांढरी खिडकी
आणि ओठांतून हनुवटीवर ओघळलेलं पाणी.
लेक म्हणते, तुम्ही बोलत होतात की.
चौथ्या दिवशी नर्सला दरडावून विचारलंत,
बारा नंबरची फणी कोणी बदलली?
नर्स येस म्हणाली.
तुम्ही म्हणालात, बरं केलंस.

हे ती इतक्यांदा सांगते
की आता मला तो नर्सचा येस ऐकू येतो.
पण तो मीच ऐकला होता का, कोण जाणे.

घसरलेल्या ठिपक्यापाशी पट्टी वाकडी झाली आहे.
मागावर हे चाललं नसतं.
तागा परत आला असता, शेठनं पैसे कापले असते,
आणि मी रात्रपाळीच्या पोराला शिव्या घातल्या असत्या
ज्याचं नाव आत्ता जिभेवर येत नाही.
मॉरीन त्या वाकड्या जागेवर नख ठेवते,
काहीतरी म्हणते.
या वेळी ओठही कळत नाहीत.

साडेअकराला लेक गाडी घेऊन येईल.
एकच पट्टी राहिली आहे.
मी रेघ कडेपर्यंत आणतो, थांबतो,
पेन उचलतो.

हात थरथरतो
तो नेमका इथे, या एवढ्याशा जागेत,
जिथे काहीच काढायचं नसतं.

मग पलीकडे टेकतो.